बीटी वांग्याची भीती आणि तेलाचा डबा

गोव्याच्या बाजारात आज जीएम, म्हणजे जनुकबदल केलेली, भाजी मिळत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नाही, फोंड्याच्या मंडईत नाही, फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरही नाही. देशात अशी भाजी पिकवून विकायला परवानगीच नाही. जनुकबदल केलेल्या पिकांपैकी एकट्या बीटी कापसाला २००२ साली मान्यता मिळाली, आणि कापूस काही आपल्याकडचं पीक नव्हे. तरीही चकचकीत, एकसारखं, डाग नसलेलं वांगं हातात घेऊन "हे बीटी नव्हे मगो?" असं विचारणारं गिऱ्हाईक इथे भेटतं. तेच गिऱ्हाईक घरी जाऊन सोयाबीनच्या तेलात बांगडे तळतं. भारतात येणारं सोयाबीन तेल मुख्यत्वे अर्जेंटिना आणि ब्राझीलहून येतं, आणि तिथलं जवळपास सगळं सोयाबीन जीएम असतं. सरकीच्या तेलाचंही तेच. आपल्याकडची सरकी बहुतेक बीटी कापसाची. फरसाणाच्या पुडीवर खाद्यतेलाच्या यादीत ती सापडते.

म्हणजे जे बाजारात नाही त्याचा धसका, आणि जे स्वयंपाकघरात आहे त्याची वार्ता नाही. यावर "लोक अडाणी आहेत" असं म्हणून मोकळं होणारे शिकलेले लोक पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. माणसं कशाला घाबरतात आणि कशाला नाही यामागे एक हिशेब असतो. तो प्रयोगशाळेतल्या हिशेबासारखा नसतो, पण हिशेबच असतो. जगभर गेली तीसेक वर्षं अभ्यासक तो उलगडू पाहत आहेत.

आधी विषय काय तो नीट पाहू. वांग्यात, बांगड्यात, तुमच्याआमच्यात, सगळ्या सजीवांच्या पेशींत जनुकं असतात. कुठलं प्रथिन कसं बनवायचं याची नोंद म्हणजे जनुक. शेतकरी आणि कृषी संशोधक जेव्हा दोन वाणांचा संकर करतात तेव्हा हजारो जनुकांची सरमिसळ होते आणि त्यातून हवं ते रोप वर्षानुवर्षं निवडत जावं लागतं. जीएम पिकात एखाद-दुसरं ठरावीक जनुक, पुष्कळदा भलत्याच जीवातलं, प्रयोगशाळेत पिकाच्या पेशीत घालतात आणि त्या पेशीपासून रोप वाढवतात.

बीटी वांग्यातलं जनुक मातीत सापडणाऱ्या एका जिवाणूचं. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे त्याचं नाव, त्यावरून बीटी. हे जनुक मिळालं की झाड स्वतःच एक प्रथिन बनवतं, जे शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीला मारतं. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं. तिथे हे प्रथिन विरघळतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागांना चिकटतं आणि भोकं पाडतं. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि आपल्या आतड्यात त्या जागाच नाहीत. याच जिवाणूची फवारणी सेंद्रिय शेतीतही चालते. सेंद्रिय भाजी हौसेने घेणाऱ्यांना हे सांगितलं की ते जरा गप्प होतात.

आता बाजारातला घोळ. आकाराने मोठी, गुळगुळीत वांगी बहुधा हायब्रीड असतात. हायब्रीड म्हणजे जीएम नव्हे. बिनबियांचं कलिंगड जीएम नाही. "इंजेक्शन मारलेली" म्हणतात ती फळं, असलीच तर, निव्वळ भेसळ आहे आणि तिचा जनुकांशी संबंध नाही. बीटी वांगं तर नुसतं पाहून ओळखताच येत नाही. पण गोवेकराच्या डोक्यात भाजीचे दोनच ढीग असतात. एक गावठी, म्हणजे ताळगावची, आगशीची, सत्तरीतल्या कोणाच्या तरी परसातली. दुसरा बेळगावच्या ट्रकातून आलेला. जीएम, हायब्रीड, फवारा मारलेलं, पावडरने पिकवलेलं, सगळं त्या दुसऱ्या ढिगात जातं. जीवशास्त्राच्या दृष्टीने हे वर्गीकरण चूक. पण ज्या भाजीवर काय मारलं हे विचारायला माणूस समोर आहे आणि ज्या भाजीचा माणूस दिसतच नाही, असा फरक त्यात आहे. तो फरक काही खोटा नाही.

गंमत म्हणजे बियाण्याशी याहून आडदांडपणे केलेली छेडछाड आपण शेंगदाण्यासारखी, किंबहुना शेंगदाण्यातूनच, खाऊन बसलो आहोत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सर्गाचा मारा करून भुईमुगाचे 'ट्रॉम्बे' वाण तयार केले आणि महाराष्ट्रात ते मोठ्या प्रमाणावर पेरले गेले. किरणांनी कुठल्या जनुकात काय बदल होईल हे आधी सांगता येत नाही. हजारो रोपांतून चांगलं निघेल ते निवडायचं. त्याविरुद्ध कुठे मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही. पुडीवर लिहायची सक्तीही नाही.

माहिती दिली की भीती जाते?

शास्त्रज्ञांचा बरीच वर्षं असाच समज होता. लोकांना विज्ञान कळत नाही म्हणून ते घाबरतात. समजावून सांगा, भीती जाईल. या समजाला आधारही मिळत गेला. युरोपात १९९० च्या दशकात सर्वेक्षणांत एक विधान लोकांपुढे ठेवत: "साध्या टोमॅटोत जनुकं नसतात, जीएम टोमॅटोत असतात." खरं की खोटं? बरोबर उत्तर देणारे निम्मेसुद्धा निघाले नाहीत. अमेरिकेत २०१५ च्या सुरुवातीला एका विद्यापीठाच्या सर्वेक्षणात विचारलं, ज्या अन्नात डीएनए आहे त्यावर तसं लेबल सक्तीचं असावं का? ८० टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले. डीएनए तर भाजीत, भातात, माशात, सगळ्यातच असतो. त्याच महिन्यात प्यू या संस्थेने शास्त्रज्ञ आणि सामान्य अमेरिकन यांची मतं शेजारी ठेवली. जीएम अन्न खायला सुरक्षित आहे असं म्हणणारे शास्त्रज्ञ ८८ टक्के, सामान्य लोक ३७ टक्के. त्या पाहणीत जेवढे वैज्ञानिक विषय होते त्यांत सगळ्यात रुंद दरी हीच.

मग समजावणं सुरू झालं, आणि तिथे गाडी अडली. २०१९ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनीतल्या लोकांचा अभ्यास आला. जीएमला सर्वात कडवा विरोध करणाऱ्यांची परीक्षेतली माहिती सर्वात कमी होती. पण आपल्याला या विषयातलं किती कळतं असं विचारल्यावर सर्वात जास्त गुण त्यांनीच स्वतःला दिले. ज्याला आपल्याला कळतं असं वाटतं तो तुमचं पत्रक वाचणार कशाला?

त्याच्या आधी, २०१६ मध्ये, अमेरिकेतल्या एका अभ्यासाने वेगळीच गोष्ट दाखवली. जीएम अन्नाला विरोध करणाऱ्यांपैकी ७१ टक्के लोक म्हणाले की फायदा कितीही असो, धोका कितीही कमी असो, आमचा विरोध राहील. हा धोक्याचा हिशेब नव्हे. ही किळस आहे, निसर्गात ढवळाढवळ नको ही नैतिक भावना आहे. आपल्याला ती परकी वाटू नये. सोवळ्यातल्या स्वयंपाकात काय चालतं नि काय नाही, श्रावणात काय वर्ज्य, लेंतात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, काय खायचं नाही, हे गोव्यात दोन्ही धर्मांची माणसं पाळतात आणि त्याला कोणी प्रयोगशाळेचा दाखला मागत नाही. खाणं पोटात जातं, अंगाचा भाग होतं. त्यामुळे त्याबाबत माणूस मोबाईल टॉवरपेक्षा जास्त हळवा असतो. या लोकांना आकडे दाखवून फार उपयोग नाही, आणि ते मूर्ख आहेत असं म्हणण्यालाही अर्थ नाही.

उरलेल्यांचं काय? मधले लोकच जास्त, आणि त्यांचं मत हलतं. ते कशाने हलतं हे कळायला पॉल स्लोविक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं काम कामाला येतं. १९८७ च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखाचा गाभा असा: लोक धोका मोजताना किती माणसं मरतील एवढंच पाहत नाहीत. धोका मी स्वतः पत्करला की कोणी माझ्यावर लादला? तो डोळ्यांना दिसतो का? परिणाम लगेच कळणार की पुढच्या पिढीत? नवीन आहे की जुना? आपल्याच हातात काही आहे का? पणजी-मडगाव रस्त्यावर हेल्मेट हँडलला अडकवून स्कूटर चालवणारा माणूस बीटी वांग्याला घाबरतो ते यामुळे. स्कूटर त्याच्या हातात आहे. वांग्यातलं जनुक दिसत नाही, चवीला लागत नाही, ते कोणी घातलं माहीत नाही आणि घालताना त्याला कोणी विचारलेलं नाही. एवढे सगळे गुण एकाच वांग्यात जमल्यावर ते भीतिदायक ठरणारच.

इन्शुलिन चालतं, वांगं चालत नाही

२०२३ मध्ये आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे आकडे आले. मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. प्रौढांत चौघांत एकाहून जास्त. यातल्या बऱ्याच घरांत फ्रीजच्या दारात इन्शुलिनच्या बाटल्या असतात. हे इन्शुलिन जीएम आहे. माणसाचं इन्शुलिनचं जनुक जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालून त्यांच्याकडून ते बनवून घेतात. अमेरिकेत १९८२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्यापूर्वी ते गाईच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. जनुकबदल केलेल्या जिवाणूने बनवलेलं औषध थेट शरीरात टोचून घ्यायला इथे कोणाची हरकत नाही. "निसर्गात ढवळाढवळ" हा मुद्दा इथे कोणाला सुचतही नाही.

कारण उघड आहे. फायदा कोणाचा? माझा. आणि मला तो आजच्या आज साखरेच्या आकड्यात दिसतो. बीटी वांग्यात फायदा कोणाचा? शेतकऱ्याची फवारणी वाचते, बियाणं कंपनीचा धंदा होतो. खाणाऱ्याला काय? भाव तोच, चव तीच, वर चिंता फुकट. कीटकनाशक कमी पोटात गेलं हा खाणाऱ्याचाही फायदा होता, आणि वांग्याच्या बाबतीत तो लहानसहान नव्हता, कारण पोखरणाऱ्या अळीसाठी या पिकावर वारंवार फवारे मारतात. पण तो फायदाही दिसत नाही. फवारा दिसत नाही तसा न मारलेला फवाराही दिसत नाही.

फायदा दिसला तर काय होतं याचं सुंदर उदाहरण ब्रिटनमध्ये घडलं. १९९६ मध्ये झेनेका कंपनीने जीएम टोमॅटोची प्युरी तिथल्या दोन मोठ्या दुकानसाखळ्यांत आणली. डब्यावर 'जनुकबदल केलेल्या टोमॅटोपासून' असं ठळक लिहिलं होतं. तेवढ्याच पैशांत नेहमीच्या डब्यापेक्षा जास्त प्युरी मिळत होती. लोकांनी लेबल वाचलं, भाव पाहिला आणि डबे उचलले. दोन-अडीच वर्षं विक्री जोरात चालली. लपवलेलं काही नव्हतं, घ्यायचं की नाही ते गिऱ्हाइकाच्या हातात होतं आणि खिशाला बरं होतं.

मग बिघडलं कुठे? प्युरीत नव्हे. ब्रिटनमध्ये गाईंना 'मॅड काऊ' रोग झाला होता. गोमांस खायला सुरक्षित आहे असं सरकार वर्षानुवर्षं सांगत आलं. १९९० मध्ये तिथल्या कृषिमंत्र्यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चिमुरड्या मुलीला बर्गर भरवायचा प्रयत्न करून दाखवला. मार्च १९९६ मध्ये सरकारला कबूल करावं लागलं की माणसांतल्या एका नव्या जीवघेण्या मेंदूविकाराचा या रोगाशी संबंध असण्याची शक्यता आहे. "खा, काही होत नाही" या सरकारी वाक्याची किंमत त्या दिवशी शून्य झाली. ऑगस्ट १९९८ मध्ये आर्पाद पुष्टाई या शास्त्रज्ञाने जीएम बटाटे खाणाऱ्या उंदरांवर वाईट परिणाम झाल्याचं टीव्हीवर सांगितलं. त्या प्रयोगावर पुढे रॉयल सोसायटीने कडक टीका केली, पण तोवर वर्तमानपत्रांनी रान उठवलं होतं. १९९९ मध्ये दुकानांनी प्युरी काढून टाकली. प्युरी तीच होती, जनुक तेच होतं. सांगणाऱ्यावरचा विश्वास गेला होता.

मडगावची मासळी

हे दूरदेशीचं वाटत असेल तर जुलै २०१८ आठवा. मडगावच्या घाऊक मासळी बाजारात अन्न आणि औषध प्रशासनाने छापा घातला आणि जागेवरच्या किटमध्ये बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचं दिसलं. थोड्याच वेळात, प्रयोगशाळेतल्या तपासणीनंतर, ते "मर्यादेत" असल्याचं सांगण्यात आलं. मासळीत थोडं फॉर्मल्डिहाइड नैसर्गिकरीत्या तयार होतं हे शास्त्रीयदृष्ट्या खरं आहे. पण लोकांनी ते ऐकलं का? फॉर्मेलिन म्हणजे प्रेतं टिकवायचं द्रव्य, त्याची "मर्यादा" कसली, असा सवाल घरोघरी झाला. शेवटी बाहेरून येणाऱ्या मासळीवर सरकारला पंधरा दिवसांची बंदी घालावी लागली. नुस्त्याशिवाय घास न उतरणारी माणसं त्या दिवसांत चिकन आणि सुकी मासळी खाऊन राहिली.

त्या प्रकरणात जनुकं नव्हती, परदेशी कंपनी नव्हती, तंत्रज्ञानही नवं नव्हतं. तरी लोकांची प्रतिक्रिया जीएमच्या वेळची होती तशीच होती, कारण प्रश्न एकच होता: सकाळी एक आणि दुपारी दुसरं सांगणाऱ्याचं तिसरं वाक्य कशावरून खरं धरायचं? माझं मत विचाराल तर जीएम अन्नाबद्दलच्या निम्म्या चर्चेचं उत्तर या प्रश्नात आहे, जीवशास्त्रात नाही.

बीटी वांग्याचंही असंच झालं. जालन्याच्या महिको कंपनीने ते तयार केलं. धारवाड आणि कोइमतूरच्या कृषी विद्यापीठांनी ते जनुक स्थानिक वाणांत उतरवलं. ऑक्टोबर २००९ मध्ये जनुकबदल केलेल्या पिकांना मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या जीईएसी समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. चाचण्यांची बरीचशी माहिती कंपनीच्याच प्रयोगांतून आली होती, यावर टीकाकारांनी बोट ठेवलं. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मग वेगळीच वाट धरली: नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या. शेतकरी, डॉक्टर, शास्त्रज्ञ, गृहिणी, सगळे बोलले, पुष्कळ आरडाओरडाही झाला. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी स्थगिती जाहीर केली. ती आजही उठलेली नाही. शेजारच्या बांगलादेशाने तेच वांगं २०१३ मध्ये मंजूर केलं, पुढच्या वर्षापासून तिथे ते पिकतं आहे, आणि शेतकऱ्यांच्या फवारण्या कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं. आपल्याकडे २०१९ मध्ये हरियाणात चोरून लावलेलं बीटी वांगं सापडलं. स्थगितीचा अर्थ "येणार नाही" असा होत नाही, "सांगून येणार नाही" असाही होऊ शकतो.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी, कारण चर्चेत ती नेहमी कालवली जाते. खाणाऱ्याच्या तब्येतीचा प्रश्न वेगळा आणि शेताचा प्रश्न वेगळा. तब्येतीबद्दल अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये नऊशेच्या आसपास अभ्यास तपासून सांगितलं की बाजारात असलेली जीएम पिकं नेहमीच्या पिकांपेक्षा जास्त धोकादायक असल्याचा ठोस पुरावा सापडला नाही. मी ते मानतो. पण त्याच अहवालात तणनाशकाला दाद न देणाऱ्या तणांची चिंताही आहे. आणि आपल्या शेजारी, विदर्भ-मराठवाड्यात, गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाला पचवून टाकलं. २०१७ च्या हंगामात बोंडं पोखरून निघाली. ज्या शेतकऱ्याने महाग बियाणं घेतलं त्याच्यावर पुन्हा फवारणीची पाळी आली. तो तोटा कोणाच्या पोटात गेला नाही, पण तोटाच होता.

वांग्याचा जन्म याच भागातला. आपल्याकडे त्याचे रानटी भाऊबंद आहेत, गावोगावचे वाण आहेत, आणि वांग्याच्या फुलात थोडंफार परपरागीभवन होतंच. धारवाडच्या प्रयोगात उडुपीकडचं गुळ्ळ वांगंही होतं. तिथल्या शेतकऱ्यांनी आणि मठाशी जोडलेल्या लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. आपल्या आगशीच्या वांग्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या वांग्याची किंमतच मुळी 'आगशीचं' या शब्दावर ठरते, त्याच्या शेजारच्या मळ्यात काय लावलं आहे याची चौकशी आगशीच्या शेतकऱ्याने केली तर ती अंधश्रद्धा नव्हे. उलट बाजूने हेही मान्य करू या की खोला गावची मिरची, काजू, बटाटा, अननस, पपई यांतलं काहीही मूळ गोव्याचं नाही; सगळं पोर्तुगीजांच्या गलबतांतून अमेरिकेहून आलं आणि आज त्यातल्या मिरचीला आणि काजूलाही भौगोलिक मानांकन आहे. परकं ते गावठी व्हायला काही शतकं लागतात इतकंच.

लेबल लावलं तर?

लोक सर्वेक्षणात एक बोलतात आणि दुकानात दुसरं करतात. २००७ मध्ये न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा देशांत रस्त्याकडेला फळांचे गाडे लावून पाहिले. एकच फळं तीन पाट्यांखाली: सेंद्रिय, नेहमीची, आणि 'फवारणीविना पिकवलेली जीएम'. घेऊन जाताना गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगत. जीएमची पाटी स्वस्त केली की युरोपातही बऱ्याच लोकांनी ती फळं उचलली, जिथे सर्वेक्षणांत जीएमला कडाडून विरोध दिसत होता.

कंपन्यांना लेबलची भीती वाटते. पाटी लावली तर लोकांना तो धोक्याचा इशारा वाटेल, हे त्यांचं म्हणणं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जुलै २०१६ मध्ये जीएमचं लेबल सक्तीचं झालं. आधीची आणि नंतरची मतं ताडून पाहिली तर तिथला विरोध, बाकी देशाच्या तुलनेत, १९ टक्क्यांनी कमी झाला होता. लादलेलं होतं ते निवडीचं झालं. स्लोविकच्या यादीतला पहिलाच प्रश्न सुटला.

भारतात लेबलचा नियम कागदावर आहे. १ जानेवारी २०१३ पासून वजनमापाच्या नियमांनुसार जीएम अन्नाच्या पाकिटावर वरच्या बाजूला 'जीएम' लिहायला हवं. तुम्ही कधी पाहिलंत? मीही नाही. एक तर बहुतेक जीएम अन्न विकायला मान्यताच नाही. दुसरं, तेलासारख्या पदार्थात ते पकडणं अवघड. शुद्ध केलेलं तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. त्यात प्रथिन आणि डीएनए नावालाच उरतात, म्हणून जीएम सोयाबीनचं तेल आणि साध्या सोयाबीनचं तेल तपासणीत वेगळं ओळखू येत नाही. आरोग्याच्या दृष्टीने त्यामुळेच ते फारसं चिंतेचं नाही. पण गिऱ्हाइकाला ते कळायला हवं की नको, हा प्रश्न आरोग्याचा नाहीच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये आयात होणाऱ्या २४ पिकांसाठी 'जीएम नाही' असा दाखला मागायला सुरुवात केली, नकळत होणारी एक टक्क्यापर्यंतची सरमिसळ चालवून घेऊन. लेबलच्या नव्या नियमांचा मसुदाही त्याच वर्षी काढला. दुसरीकडे, त्याच वर्षी सरकारने कोंबड्यांच्या खाद्यासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली. गावठी वांगं शोधणाऱ्याने ब्रॉयलरच्या ताटाकडे पाहिलं नाही तर बरं.

जीएम मोहरीचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. गोव्यात मोहरीचं तेल फारसं कोणी खात नाही, त्यामुळे इथे त्याची चर्चा नाही. आपल्यापर्यंत आधी पोहोचेल तो भात.

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी 'जनुकसंपादन' केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. एक हैदराबादच्या संस्थेचा 'कमला', दुसरा दिल्लीचा 'पुसा डीएसटी राईस १'. यांत बाहेरचं जनुक शिल्लक ठेवलेलं नाही. भाताच्याच जनुकात छोटा फेरफार आहे. २०२२ मध्ये अशा पिकांना जीईएसीच्या लांबलचक प्रक्रियेतून सूट मिळाली आहे. दुसऱ्या वाणाचा गुण म्हणजे दुष्काळ आणि खारेपणा सोसणं. खारेपणा म्हटल्यावर गोव्याने कान टवकारायला हवेत. मांडवी-झुवारीकाठच्या खाजनांत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांत, बांध फुटला, मानशीची (पाणी अडवणाऱ्या झडपेची) दारं कुजली की खारं पाणी शेतात घुसतं, आणि मग तिथे कोरगुट या खारं पाणी सोसणाऱ्या गावठी भाताशिवाय काही तग धरत नाही. केंद्रीय कृषी संशोधन परिषदेच्या (आयसीएआर) जुन्या गोव्यातल्या केंद्राने कोरगुटातूनच निवड करत 'गोवा धान' वाण काढले आहेत, कुठलंही जनुक न कापता. त्यामुळे संपादित भाताला इथे आयता प्रतिस्पर्धी आहे.

लोक तो भात घेतील का? जया आणि ज्योती हे भात बाहेरून आले, आणि त्यांनी गोव्याच्या शेतांतून कितीतरी जुने वाण हटवले. खाणाऱ्याने ते मुकाट स्वीकारले, कारण उकडे करता येत होते आणि पेज जमत होती. संपादित भाताच्या बाबतीतही खाजनातला शेतकरी पहिल्यांदा बियाण्याचा भाव विचारेल आणि पुढच्या वर्षी घरचं बी पेरता येईल का ते विचारेल. घरातली बाई पेजेचा निवळ कसा येतो ते पाहील. आणि त्या पोत्यावर काय छापलंय, काय नाही, हे कोणीतरी सोशल मीडियावर टाकेल. कृषी खात्याने त्या आधी सांगितलेलं असलं तर एक गोष्ट, नंतर खुलासा केला तर दुसरीच.